पोटातली महारोहिणी आणि घरचे राखणदार



आपल्या या मालेत संतसाहित्य, नाटक, मराठ्यांचा इतिहास, सीमाभागातल्या मराठी शाळा असे विषय आपण ऐकत आलो. या वर्षी एक पुष्प वैद्यकाला द्यावे असे मंडळाने ठरवले आणि ते माझ्याकडे आले. ‘रक्तदाब नाहीतर मधुमेह घ्या, लोक येतील,’ असा सल्लाही मिळाला. पण त्या दोन विषयांवर आपल्याला घरबसल्या पुष्कळ ऐकायला मिळते. मी निवडलेल्या आजाराचे नाव बहुतेकांनी ऐकलेले नसते. ज्याच्या पोटात तो असतो त्यालाही बहुधा त्याची खबर नसते. आणि ज्या दिवशी खबर लागते त्या दिवशी हाताशी फार थोडा वेळ उरलेला असतो. म्हणून मला हाच विषय बोलावासा वाटला. शास्त्राचा भाग थोडा सविस्तर सांगणार आहे, तो धीर धरून ऐकावा. नंतर ही पुस्तिका छापून हाती आली की निवांत वाचावा.

आपण साहित्यमंडळात आहोत, तेव्हा शब्दापासून सुरुवात करू. हृदयाकडून शुद्ध रक्त घेऊन जाणाऱ्या नळीला मराठी शास्त्रीय लेखनात रोहिणी म्हणतात आणि परत आणणारीला नीला. सर्वांत मोठी रोहिणी ती महारोहिणी. कोणी तिला महाधमनी म्हणतात. दवाखान्यात आपण सगळे सरळ ‘एओर्टा’ म्हणतो. रोहिणी एखाद्या जागी फुगली की तिला रोहिणीविस्फार म्हणावे असे आपल्या कोशकारांनी सुचवले आहे. डॉक्टरांच्या तोंडी ‘ॲन्युरिझम’ असते. मला ‘विस्फार’ हा शब्द आवडतो. डोळे विस्फारतात तशी ही नळी विस्फारते, फरक एवढाच की ती पुन्हा मिटत नाही.

महारोहिणी हृदयातून वर निघते, कमान घेऊन वळते, छातीतून पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते आणि साधारण बेंबीच्या पातळीला दोन फांद्या होऊन दोन्ही पायांकडे जाते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नाभीपासून चोवीस धमन्या निघतात असे म्हटले आहे. आजच्या शरीरशास्त्राशी ते जसेच्या तसे जुळत नाही, पण बेंबीशी बोट ठेवले की आत काहीतरी ठक् ठक् उडते हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते हे नक्की. आपल्या घरातल्या आज्या ‘बेंबी सरकली’ म्हणायच्या आणि उपाशीपोटी उताणे झोपवून अंगठ्याने ठोका पाहायच्या. ठोका मधोमध लागला तर बेंबी जागेवर, बाजूला लागला तर सरकली. तो ठोका बेंबीचा नसतो, त्यामागच्या महारोहिणीचा असतो. सडपातळ माणसात तो सहज लागतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पोटातल्या महारोहिणीची रुंदी सुमारे २ सेंटीमीटर असते, म्हणजे साधारण अंगठ्याएवढी. ती ३ सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक झाली की विस्फार म्हणायचे. बहुतेक वेळा हा फुगवटा मूत्रपिंडांच्या फांद्या फुटतात त्याच्या खाली येतो. तिथल्या भिंतीत लवचिक तंतूंचे थर वरच्या भागापेक्षा कमी असतात आणि भिंतीला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही कमी असतात. सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगा येतो, तसेच काहीसे होते. फुगा एकदा आला की त्याच हवेच्या दाबाला तीच जागा आणखी ताणली जाते, कारण नळी जितकी रुंद आणि भिंत जितकी पातळ, तितका भिंतीवरचा ताण जास्त. हा नियम लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. फुगा लहान मुलाने फुगवतानाही तो अनुभवाला येतो: पहिली फुंकर जड, पुढच्या सोप्या.

आता भिंतीकडे वळू. महारोहिणीची भिंत तीन थरांची असते. आतला थर गुळगुळीत अस्तराचा, त्याला रक्त लागून वाहते. मधला थर जाड, त्यात स्नायुपेशी आणि इलॅस्टिनचे लवचिक पडदे एकाआड एक रचलेले. बाहेरचा थर चिवट, त्यात कोलॅजेनचे दोर. हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा धडकते. प्रत्येक धडकेला ही भिंत ताणली जाते आणि परत जागेवर येते. ताणून परत आणायचे काम इलॅस्टिनचे, मर्यादेपलीकडे ताणू न द्यायचे काम कोलॅजेनचे. कोलॅजेन शरीर आयुष्यभर नव्याने बनवत राहते. इलॅस्टिनचे तसे नाही. ते आईच्या पोटात आणि बालपणी भरपूर तयार होते, पुढे जवळजवळ नाहीच. ती वडिलोपार्जित ठेव आहे. जपून वापरली तर जन्मभर पुरते. मोडली तर पुन्हा भरता येत नाही.

ही ठेव मोडतो कोण? पूर्वी सरळ उत्तर दिले जायचे: वय झाले, रक्तदाब वाढला, चरबी साठली, भिंत झिजली. जुन्या पाइपासारखी. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या विस्फाराच्या भिंतीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर असे दिसले की त्या भिंतीत परक्या पेशींची गर्दी झालेली आहे. परक्या म्हणजे बाहेरच्या जंतूंच्या नव्हेत. आपल्याच, पण एरवी तिथे इतक्या संख्येने नसणाऱ्या. रोगप्रतिकारक पेशी. शरीराचे राखणदारच मोठ्या संख्येने भिंतीत शिरले होते. झिजलेल्या पाइपात असे कोणी राहायला येत नाही. म्हणजे हा नुसता झिजेचा आजार नाही, ही भिंतीच्या आत वर्षानुवर्षे चाललेली धुसफूस आहे.

या राखणदारांची ओळख करून देतो. पहिल्या आहेत भक्षक पेशी, मॅक्रोफेज. त्यांचा शोध इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने लावला. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे त्याने ताराफिशच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात बारीक काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले तर फिरत्या पेशींनी काट्याला वेढा घातलेला. शरीराचे रक्षण करायला पेशी चालून जातात हा विचार तिथून आला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळाले. भक्षक पेशींना दोन हात असतात असे समजा. एका हाताने त्या जंतू आणि मोडतोड खाऊन साफ करतात, जुने तंतू कापून वाट काढतात. दुसऱ्या हाताने जखम भरून आणण्याचे निरोप पाठवतात. निरोगी माणसात आधी पहिला हात चालतो, मग दुसरा. विस्फाराच्या भिंतीत पहिला हात थांबायचे नाव घेत नाही. या पेशी तंतू कापणारी विकरे सोडत राहतात. त्यांतल्या एकाचे नाव एमएमपी-९. इलॅस्टिनचे पडदे त्याच्यापुढे टिकत नाहीत.

खरी गोम पुढे आहे. इलॅस्टिनचे जे तुकडे पडतात, तेच नव्या भक्षक पेशींना बोलावणे धाडतात. रक्तातल्या पेशी त्या तुकड्यांच्या मागावर भिंतीत शिरतात, आणखी विकरे सोडतात, आणखी तुकडे पडतात, आणखी पेशी येतात. विझवायला आलेल्यांनीच वाळके गवत तुडवत जावे आणि ठिणग्या पसराव्यात, असे हे चक्र. म्हणूनच मूळ कारण, समजा धूम्रपान, पुढे थांबले तरी विस्फार लगेच थांबत नाही. वाढीचा वेग कमी होतो, पण चक्र फिरत राहते.

दुसऱ्या आहेत न्यूट्रोफिल. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत त्यांचा वाटा सर्वांत मोठा. अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते आणि त्या फार दिवस जगत नाहीत. पुढे होऊन लढायचे आणि मरायचे, असे त्यांचे आयुष्य. त्यांच्या पोतडीत इलॅस्टेज नावाचे विकर असते. नावावरूनच कळते ते काय कापते. २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: या पेशी मरताना आपल्याच केंद्रातले डीएनएचे धागे जाळ्यासारखे बाहेर फेकतात आणि जंतूंना त्यात अडकवतात. जंतू असतील तर उत्तम. पण मोठ्या विस्फाराच्या आत बहुधा रक्ताच्या गुठळीचा थर जमलेला असतो, आणि त्या थरात या न्यूट्रोफिल अडकून राहतात, जाळी टाकतात, विकरे सोडतात. गुठळीचा थर म्हणजे भिंतीला आतून मिळालेला गिलावा असे वाटेल. प्रत्यक्षात त्या थराखालची भिंत अधिक पातळ आणि प्राणवायूला मुकलेली आढळते.

तिसरा गट टी पेशींचा. या स्वतः फारशा कापाकापीत पडत नाहीत. या हुकूम सोडतात. काही टी पेशी इंटरफेरॉन-गॅमासारखे पदार्थ सोडून भक्षक पेशींना आणखी चेतवतात. काही भिंतीतल्या स्नायुपेशींना मरणाकडे ढकलतात. आणि स्नायुपेशी गेल्या की नवे कोलॅजेन विणणारेच गेले. याच गटात शांतता राखणाऱ्याही पेशी असतात, त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. ‘पुरे झाले, आता आवरा’ हे सांगणे त्यांचे काम. जनावरांवरच्या प्रयोगांत या नियामक पेशी वाढवल्या तर विस्फार कमी होतो, घटवल्या तर वाढतो असे दिसले आहे. घरात चार तापट माणसे असली तरी चालतात, पण एक शांत माणूस लागतो. तो नसला की घर बसते.

याखेरीज बी पेशी आहेत, त्या भिंतीच्या बाहेरच्या थरात वाडी वसवल्यासारखे पुंजके करतात आणि प्रतिपिंडे बनवतात. मास्ट पेशी आहेत, ज्या आपल्याला पित्त उठणे आणि शिंका यांमुळे परिचित आहेत. त्यांची विकरेही या कामाला हातभार लावतात. सगळ्यांची नावे लक्षात ठेवायची गरज नाही. एवढे ध्यानात राहू द्या की हे काम एका पेशीचे नाही. सगळे एकमेकांना चिथावतात.

हे कशावरून, असे कोणी विचारील. २००० साली अमेरिकेत उंदरांवर झालेला एक प्रयोग सांगतो. काही उंदरांत जन्मतःच एमएमपी-९ बनवणारे जनुक बंद केले होते. त्यांच्या महारोहिणीला प्रयोगाने इजा केली तरी विस्फार झाला नाही. मग अशाच उंदरांना साध्या उंदरांची अस्थिमज्जा दिली, म्हणजे रक्तपेशी तेवढ्या दुसऱ्याच्या. आता त्यांना विस्फार झाला. भिंत तीच, पेशी बदलल्या, आणि आजार आला. अपराधी पेशी रक्तातून येतात याचा इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो. जैन घरात वाढलेल्या माणसाला असे प्रयोग वाचताना आत कुठेतरी टोचते, हे मी लपवत नाही. त्या मुक्या जिवांच्या जोरावर आपण हे ज्ञान मिळवले आहे. निदान ते वाया जाऊ नये.

आता याची दुसरी बाजू, आणि ती एका फार मोठ्या माणसाच्या पोटातली आहे. अल्बर्ट आइन्स्टाईन यांना वारंवार पोटदुखी व्हायची. डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचे पोट उघडले. निसेन स्वतः हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले शल्यविशारद. आत महारोहिणीला पपनसाएवढा फुगवटा होता. फुगलेला भाग कापून तिथे नवी नळी बसवण्याची शस्त्रक्रिया तेव्हा जगात कोणी यशस्वीपणे केलेली नव्हती. निसेन यांनी काय केले? फुगवट्याचा समोरचा भाग सेलोफेनने गुंडाळला. हो, मिठाईच्या डब्याला गुंडाळतात त्याच जातीचा चकचकीत कागद.

त्यामागचा तर्क समजून घ्या. हा कागद शरीराला परका. तो दिसला की भक्षक पेशी धावून येणार, त्याभोवती दाह होणार, आणि दाह निवताना जखम भरणाऱ्या पेशी तिथे कोलॅजेनचा जाड व्रण विणणार. तो व्रण पातळ भिंतीला पट्ट्यासारखा आवळून धरील. म्हणजे ज्या राखणदारांनी आतून भिंत पोखरली, त्यांनाच बाहेरून बोलावून भिंत बांधून घ्यायची! त्या काळी रोगप्रतिकारक पेशींचे आजचे ज्ञान नव्हते, पण शल्यविशारदांच्या अनुभवाने हे ओळखले होते. आइन्स्टाईन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. केवळ त्या कागदाने जगले असे म्हणता येणार नाही. एका माणसावरून सिद्धान्त काढू नये हे त्यांनीच आपल्याला सांगितले असते. एप्रिल १९५५ मध्ये फुगवटा फुटला. तोपर्यंत नवी शस्त्रक्रिया आली होती आणि शल्यविशारदांनी तिचा सल्लाही दिला. त्यांनी शांतपणे नकार दिला. १८ एप्रिलच्या पहाटे प्रिन्स्टनच्या रुग्णालयात, वयाच्या ७६ व्या वर्षी ते गेले. शेवटचे शब्द जर्मनमध्ये बोलले. जवळच्या परिचारिकेला ती भाषा येत नव्हती, म्हणून ते शब्द कायमचे हरवले. भाषा जपण्यासाठी मंडळे चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट जरा अधिकच लागते.

एकच पेशी पोखरते आणि तीच बांधते. आमच्याकडे अनेकांत म्हणतात: वस्तूला अनेक अंगे असतात, एका अंगावरून तिचा निवाडा करू नये. भक्षक पेशी चांगली की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही. कुठे, कधी आणि किती काळ, हे विचारले तर उत्तर आहे. ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगणाऱ्या जाहिराती आपण रोज पाहतो. वाढवायची म्हणजे कोणती? पोखरणारी की आवरणारी? ज्याच्या पोटात विस्फार आहे त्याच्या भिंतीत ती आधीच वाढलेली आहे. पुढच्या वेळी अशी जाहिरात दिसली तर हा प्रश्न मनात जरूर विचारावा.

पेशींचे हे गणित कळल्यावर औषध सापडायला हवे होते. प्रयत्न झाले. डॉक्सिसायक्लिन हे साधे प्रतिजैविक एमएमपी विकरांना रोखते, उंदरांत त्याने विस्फार कमी केला. माणसांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत दोन वर्षे गोळ्या दिल्या. २०२० मध्ये निकाल आला, वाढीच्या वेगात फरक पडला नाही. मास्ट पेशींना आवरणारे औषधही एका चाचणीत निरुपयोगी ठरले. कारण आपण वर पाहिलेच: एका पेशीचे, एका विकराचे हे काम नाही, आणि रोगी आपल्यापर्यंत येतो तेव्हा आग लागून वर्षे झालेली असतात. एक कोडे मात्र आशा दाखवते. मधुमेह सगळ्या रक्तवाहिन्यांचा शत्रू. पण मधुमेह्यांमध्ये हा विस्फार कमी आढळतो आणि हळू वाढतो. त्यांच्या मेटफॉर्मिन या गोळीचा त्यात वाटा असावा असा संशय आहे आणि त्यासाठी चाचण्या हाती घेतलेल्या आहेत. आज मात्र, मी हे शब्द बोलत असताना, विस्फार लहान करणारे एकही सिद्ध औषध कोणत्याही पॅथीत नाही.

कोणत्याही पॅथीत, असे मी मुद्दाम म्हणतो. मी बीएचएमएस. होमिओपॅथीवर माझे घर चालले आणि तिच्याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण माझ्या पेटीतल्या एकाही गोळीने फुगलेली महारोहिणी आकसत नाही, हे मी माझ्या रोग्यांना स्पष्ट सांगतो, आणि या सभेत कोणी माझे व्यवसायबंधू असतील तर त्यांनाही. असा रोगी आला की आपले काम हात ठेवून पाहणे, ओळखणे आणि योग्य ठिकाणी धाडणे.

काही वर्षांपूर्वी निपाणीकडचे एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे गॅसची तक्रार घेऊन आले. सत्तरीचे, काटक, जन्मभर विडी. ‘डॉक्टर, बेंबी सरकलीय बघा. गावात एकीकडून चोळून घेतलं, उतार नाही.’ मी त्यांना झोपवले आणि बेंबीच्या वर दोन्ही हातांची बोटे ठेवली. ठोका होता, पण तो नुसता वर उडत नव्हता. प्रत्येक ठोक्याला माझी बोटे दोन बाजूंना ढकलली जात होती. सोनोग्राफी केली. ५.८ सेंटीमीटर. मुले म्हणाली, ‘बाबांना काही दुखत नाही, मग इतकं मोठं कशाला? तुमचेच थेंब द्या.’ मी त्यांना बसवून समजावले की फुटल्यावर दवाखाना गाठणेही अवघड असते, आणि दुखत नाही तोवरच याचा इलाज सोपा. गृहस्थ ऐकत होते. शेवटी तेच म्हणाले, ‘पोरांनो, ट्यूबला फुगा आल्यावर मी कधी बेळगावपर्यंत सायकल मारली होती का?’ मांडीच्या रोहिणीतून आत नळी सरकवून अस्तर बसवण्याचा उपचार त्यांच्यावर झाला. आठवड्याभरात घरी आले. विडी सुटली, कुरकुर सुटली नाही.

या उपचाराचा इतिहास थोडक्यात सांगतो. २९ मार्च १९५१ रोजी पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग काढून मृत व्यक्तीची रोहिणी तिथे जोडली. पुढे ह्यूस्टनच्या मायकेल डीबेकी यांनी दुकानातून डेक्रॉनचे कापड आणून घरच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या, आणि कापडाची रोहिणी रूढ झाली. १९९० मध्ये ब्यूनस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, मांडीतून नळी आत नेऊन बसवली. आज दोन्ही पद्धती आपल्याकडच्या मोठ्या शहरांत होतात.

सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. पुरुषांत ५.५ सेंटीमीटरपर्यंत आणि बायकांत सुमारे ५ पर्यंत, त्रास नसेल आणि वाढ भराभर होत नसेल तर, ठरावीक काळाने सोनोग्राफी करत वाट पाहणे योग्य, असे मोठ्या चाचण्यांनंतर ठरले आहे. लहान विस्फार आहे असे कळले म्हणून कोणी झोप घालवू नये. तो माहीत असणे हेच निम्मे संरक्षण.

मग तपासावे कोणी? हा आजार पुरुषांत कितीतरी अधिक, ६५ नंतर अधिक, आणि धूम्रपान हे त्याचे सर्वांत मोठे कारण. धुरातले पदार्थ त्या राखणदारांना दिवसातून दहा वेळा खोटी वर्दी देतात. विडीचा धूरही धूरच. आपल्या या सीमाभागात तंबाखू हे नुसते व्यसन नाही. ते पीक आहे, विड्या वळणाऱ्या हातांची मजुरी आहे, १९८१ मध्ये निपाणीच्या शेतकऱ्यांनी याच पिकाच्या भावासाठी रस्ता अडवला होता. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. पण ज्याने पंधरा-वीस वर्षे विडी-सिगारेट ओढली आहे, सोडली असली तरीही, त्याने पासष्टी ओलांडल्यावर एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी आणि ‘महारोहिणीची रुंदी मोजा’ असे तोंडाने सांगावे. नुसते मूतखडा पाहायला गेलात तर ती मोजली जाईलच असे नाही. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, दहा मिनिटांचे काम. इंग्लंडमध्ये सुमारे ६७ हजार ८०० पुरुषांवर झालेल्या चाचणीत, ज्यांना तपासणीला बोलावले त्या गटात चार वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर तिथे पासष्टीच्या पुरुषांना सरकारच ही तपासणी देते. आपल्याकडे तशी योजना नाही. आपल्यालाच आपली आठवण ठेवावी लागेल.

दुसरे, कुळाचा इतिहास. वडिलांना किंवा भावाला विस्फार असेल तर धोका सुमारे दुप्पट होतो. आपली कुटुंबे पिढ्यांपासून पसरलेली. एक भाऊ बेळगावला, एक वडोदऱ्याला, बहीण इंदूरला, चुलते हैदराबादला. लग्नाच्या पत्रिका सगळीकडे पोचतात, देवक आणि कुलाचार तोंडपाठ असतात. पण ‘थोरले काका अचानक गेले, पोटात काहीतरी फुटलं म्हणे’, एवढ्यावर आपण विषय सोडतो. ते काय फुटले होते, हे विचारून कुटुंबाच्या वहीत लिहून ठेवा. वंशावळीत नावांपुढे गावे लिहितो तसा आजारही लिहावा.

बायकांत हा आजार कमी, पण झालाच तर त्याच आकाराला फुटण्याचा धोका पुरुषांपेक्षा जास्त. म्हणून विडी ओढणाऱ्या किंवा भावाला विस्फार असलेल्या भगिनींनी स्वतःला यातून वगळू नये.

तिसरे, बेंबी चोळण्याबद्दल. वय साठीपुढे, धूम्रपानाचा इतिहास आणि पोटात रुंद, बोटांना दोन्हीकडे ढकलणारा ठोका असेल तर पोट चोळून घेऊ नका, पोटावर तांब्या लावू नका. आधी सोनोग्राफी. आणि अशा माणसाच्या पोटात किंवा कमरेत एकाएकी प्रचंड कळ आली, घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, चक्कर आली, तर ओवा, सोडा, होमिओपॅथीच्या गोळ्या यांत एक मिनिट घालवू नका. रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात थेट न्या आणि दारातच सांगा, ‘महारोहिणी फुटली असेल अशी शंका आहे.’ हे एक वाक्य कळेल ते पाहा. मूतखडा समजून वेळ जातो आणि वेळच सगळे ठरवते. रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि धूर सोडणे, ही बाकीची पथ्ये आपल्याला ठाऊकच आहेत.

दाहाने महारोहिणी बिघडवणारा आणखी एक आजार आपल्या देशात तरुण मुलींत दिसतो. १९०८ मध्ये मिकितो ताकायासू या जपानी नेत्रवैद्याने त्याची लक्षणे मांडली, म्हणून त्याला ताकायासूचा आजार म्हणतात. तिथेही रोगप्रतिकारक पेशीच भिंतीत शिरतात, बहुधा नळी अरुंद होते. तिशीच्या आतल्या मुलीच्या एका हाताची नाडी लागत नसेल किंवा दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. त्यावर दाह आवरणारी औषधे आहेत. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

शरीर आपले शत्रू ओळखायला शिकते, तसे लढाई संपली की थांबायलाही त्याला शिकावे लागते. ज्या भिंतीत थांबायची विद्या हरवली, ती भिंत फुगते. औषधाने ती विद्या परत शिकवण्याचे शास्त्र अजून अर्ध्या वाटेवर आहे. तोवर आपल्या हाती आहे ते दहा मिनिटांचे मोजमाप. या सभागृहात पासष्टीपुढचे पुष्कळ बांधव बसलेले मला दिसत आहेत. त्यांतल्या दोघांनी जरी पुढच्या महिन्यात हे मोजमाप करून घेतले, तरी मंडळाने हे पुष्प वैद्यकाला दिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.